तोंडानं दिलेलं पाणी

मानवत-पालमकडच्या बाजारांत बैलांची दलाली करून मी घर बांधलं आणि चाळिशी उलटल्यावर परभणीच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. आमच्या धंद्यात तोंडानं काहीही बोलतात. खरा भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. तोवर बोललेल्या शब्दाला कुणी धरत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर व्याख्यान देत नसत. खटला द्यायचे, वर्गाचे दोन देश करायचे आणि आम्हाला भांडायला लावायचे. या वेळी त्यांनी आधीच सांगून ठेवलं, की दोन्ही बाजूंचा एकेक जण विद्यापीठाच्या मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांच्या, स्पर्धेला जाईल. मला जायचंच होतं. पोरं मागून मला 'बैल' म्हणतात, हे मला ठाऊक होतं.

खटला नदीचा. वरच्या देशानं धरण बांधलेलं, खालच्याची शेतं वाळलेली. मी वरच्या देशाचा परराष्ट्रमंत्री. माझी वकील पालमकडची एक मुलगी. पुस्तकं तिनं पालथी घातलेली, पण चार माणसांत आवाज फुटत नसे. कॉलेजच्या कँटीनमध्ये बसवून मी तिला बोलायला शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, म्हटलं, आणि दया आली तरी दाखवू नको.

समोर खालच्या देशाकडून परभणीच्या एका वकिलाचा मुलगा होता. तडजोडीच्या बोलण्यात तो हटेना, तेव्हा त्याला हलवायला मी मोठ्यानं म्हणालो, "चला, अर्धं पाणी तुमचं! आता तुमी बोला."

तो माझ्याशी बोललाच नाही. न्यायाधीश झालेल्या सरांकडे वळला. "सर, मंत्र्यांनी भर न्यायालयात शब्द दिला. त्या शब्दानं त्यांचा देश बांधला गेला. आमचं म्हणणं संपलं."

"अरे, ती बोली होती! सौदा कुठं झालाय?" मी टेबलावर हात आपटला.

वर्गात हशा पिकला. सरही हसले. "शेठ, बैलाचे दात बघणं वेगळं, देश चालवणं वेगळं."

तेव्हा ती उठली. सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सर, या माणसाला बोलायचा अधिकार आमच्या देशानं दिलाच नव्हता. बाजारातली सवय आहे. यांचं बोलणं धरू नये."

आवाज जराही कापला नाही.

"कायदा कच्चा आहे," सर म्हणाले, "पण स्वतःचा मंत्री बुडवून हिनं देश वाचवला. हीच जाईल."

घरी जाऊन मी पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट होतं: तडजोडीच्या बोलण्यात पुढे केलेली तयारी नंतर त्या देशाच्या अंगावर घालता येत नाही. म्हणजे माझंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तिला जिन्यात गाठलं आणि ते पान पुढं धरलं.

"हे तुला म्हाईत न्हवतं?"

"म्हाईत होतं, काका."

"मग?"

"मी ते वर्गात बोलले असते तर तुमी वाचला असता. आपल्या बाजूला जागा एकच होती."

सरांकडे गेलो. राखीव म्हणून तरी न्या, म्हटलं. "राखीवालाही तोंड सांभाळावं लागतं," म्हणाले.

ती आणि वकिलाचा मुलगा, दोघं गेले आणि पहिल्याच फेरीत हरून आले. ती वर्गात खाली मान घालून बसली होती. मी स्टेशन रोडवरून पेढे आणले आणि वर्गभर वाटले. सरांनी कशाचे म्हणून विचारलंही नाही, दोन उचलले. तिच्यापुढं डबा धरून मी उभा राहिलो, ती घेईपर्यंत हललो नाही.

"खा की," मी म्हणालो. "लय ताजे हायत."

तिनं खाल्ला.