गुदामाच्या कडीचा धागा

शहापूरच्या आण्णाप्पा विणकराचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गवळी दारात आला की हा आधी चरवीत बोट बुडवायचा. बायकोनं भाकरी वाढली की ती उलटून बघायचा. लढाईत सूत मिळेना, माग थांबला, आणि सरकारला नेमका असाच माणूस हवा होता. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यावर तिकडचं रॉकेल बंद पडलं होतं. अडीनडीला असावं म्हणून सरकारनं खडेबाजारामागच्या एका गुदामात डबे भरून ठेवले. वरून हुकूम आल्याशिवाय थेंबालाही हात लावायचा नाही. आण्णाप्पा तिथं राखणीला बसला आणि सगळ्या गावाचा संशय घ्यायचा त्याला सरकारी हक्कच मिळाला.

एके दिवशी डबे सारखे करताना एक हलका लागला. त्याचं टाळकं सणकलं. गुदामाची एक किल्ली त्याच्या कमरेला आणि दुसरी कचेरीत. ती घेऊन झाडलोटीला यायचा शिपाई गुंडू. मग दुसरं कोण असणार? त्यानं तडक कारकुनाला गाठलं.

"साहेब, गुंडूचं लक्षण बरं दिसंना."

"पुरावा आण, पोलीस आणतो," कारकून म्हणाला.

आण्णाप्पानं कडीला बारीक सुताचा धागा बांधला. दार उघडलं की तो तुटणार. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

दुपारी नागुबाई भाकरी घेऊन यायची. तिला दारात बसवून, किल्ली तिच्या हातात देऊन तो मागच्या विहिरीवर अंघोळीला जायचा. भाकरी तो उलटून बघे खरा, पण चोराच्या यादीत बायको कधी आलीच नव्हती. घरी लेक बाळंत झाली होती, पोर सातव्याच महिन्यात जन्मलेलं. खोलीतला दिवा विझता कामा नये, असं त्यानंच नागुबाईला बजावलं होतं. तो कशावर जळतो, हे मात्र त्यानं विचारलं नव्हतं.

त्या दुपारी अंघोळीला जाताना त्यानं धागा शाबूत बघितला होता. भांडी आवरून नागुबाई घरी गेली आणि त्यानं पुन्हा कडी बघितली. धागा होता, पण मधे सांधलेला. गाठीचं एक टोक नको तेवढं लांब होतं. नागुबाईच्या गाठीचं हे टोक तो लग्नापासून ओळखत होता; त्यावरून मागावर बसल्या बसल्या रोज करवादत होता. धागा कशासाठी बांधलाय, हे तिला काय माहीत? विणकराघरच्या बाईला तो तुटलेला दिसला आणि हातानं सवयीनं सांधला. आण्णाप्पानं धागा सोडवून मुठीत घेतला.

तेवढ्यात कारकून पुराव्याची वाट न बघता पोलिसाला घेऊनच आला. तो हलका डबा त्यानं स्वतः उचलून बघितला. मागे गुंडू उभा होता, तोंडाचं पाणी पळालेला.

"आण्णा, माझी पोरंबाळं हाईत रं," तो म्हणाला. "मी न्हाय हात लावला."

आण्णाप्पाला त्याच्याकडे बघवेना. आपल्याच जिभेनं हा माणूस इथवर आणलाय, याची त्याला लाज वाटली.

"गुंडू न्हवं, साहेब," तो म्हणाला. "किल्ली माझ्या कमरंला असती. मीच काढलं."

"मग त्याचं नाव का घेतलंस?"

"माझ्यावर आळ यायला नगं म्हणून."

चौकीवर न्यायच्या आधी घरी निरोप द्यायची परवानगी मिळाली. आळीतली माणसं दारात येऊन बघत होती; जन्मभर ज्यांचा संशय घेतला, ती आता त्याच्याकडे तशीच बघत होती. नागुबाई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली. आत दिवा जळत होता.

"अवो, काय झालं?"

त्यानं मूठ उघडून धागा तिच्या तळहातावर ठेवला.

"दिवा इझू देऊ नगंस," म्हणाला, आणि पोलिसाबरोबर चालू लागला.

नागुबाईनं धागा उजेडात धरला आणि आपली गाठ ओळखली.