एका मिनिटाने जास्तीचा चंद्र

शाळेत गणित शिकवणाऱ्या भाच्याने माती खाल्ली, आणि तीही घड्याळजी मामाच्या शेवटच्या घड्याळात.

मामाने जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर आणली. नजर विझत चालली तेव्हा म्हणाला, आता एक स्वतःचं करतो. चंद्राच्या कला दाखवणारं, आणि अगदी बिनचूक.

"मास्तर, पौर्णिमा ते पौर्णिमा मिनिटं किती?"

सरासरी बेचाळीस हजार पाचशे चोवीस, वर किंचित. त्या किंचितसाठी पठ्ठ्याने पाचशे पंचवीस सांगितले. खरं तर तो त्या संख्येवर भाळला होता. तिला तब्बल छत्तीस विभाजक! तिला स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज तिच्याहूनही जास्त. अगदी भरल्या घरची संख्या. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस गुणिले एकवीस!

मामाने तेवढ्या दातांची तीन चाकं केली. सेकंदकाट्याच्या फेऱ्याला पहिल्याचा एक दात सरकणार, पहिल्याच्या फेऱ्याला दुसऱ्याचा, दुसऱ्याच्या फेऱ्याला तिसऱ्याचा. सगळे दात कानशीने पाडले. शेवटच्या चाकापर्यंत डोळे संपले. ते बोटांनी चाचपत पुरं केलं.

मग एकदा पेपर तपासताना एका मुलीने किंचित जास्तीला वरचा पूर्णांक धरलेला दिसला. मास्तरांनी झोकात लाल फुली मारली, आणि पेन तिथंच अडकलं.

"चोवीसच धरायचे होते, मामा."

"मग चोवीसची चाकं सांग."

"होत नाहीत. चारने भाग जातो, आणि खाली दहा हजार सहाशे एकतीस उरतात. मूळ संख्या आहे. तिला कशानेच भाग जात नाही."

"म्हणजे तेवढ्या दातांचं एकच चाक? दुकानाची भिंत पाडू का?"

"दुसरी एखादी जुळणी शोधतो ना."

"शोधशील रे. पण दात कोण पाडणार?" मामाने पांढुरके डोळे त्याच्याकडे वळवले, तेही जरा चुकीच्या बाजूला. "चंद्र महिन्याला मिनिटभर मागे पडणार तर. ते मिनिट तू द्यायचंस. दर पौर्णिमेला ये आणि सेकंदकाट्याला हाताने एक जादा फेरा दे."

पहिल्या महिन्यात तो गेला. मामा काचेला कान लावून बसला होता. दात सरकल्याचं ऐकून त्याने मान हलवली. दुसऱ्या महिन्यात मानही हलली नाही. तिसऱ्या महिन्यात दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं, आत एकही गिऱ्हाईक नाही, आणि मामा भिंतीकडे तोंड करून बसलेला. टिकटिक नव्हती.

"किल्ली का नाही दिलीस, मामा?"

"थांबवलं. बंद घड्याळाची चूक वाढत तरी नाही."

हे साफ खोटं होतं. बंद घड्याळाची चूक मिनिटामिनिटाने वाढत होती, त्या क्षणीसुद्धा. पण आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी चूक दुरुस्त केली नाही. ते मामाच्या खुर्चीमागे उभे राहिले. 

त्या महिन्याचा एक फेरा अजून द्यायचा आहे.