तनूचे चार ब्रश

“मॅडम, हा रिपोर्ट तुमचाच ना?”

समितीच्या अध्यक्षबाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला. सही माझीच होती. पिवळ्या मार्करने एक वाक्य रंगवलं होतं: ‘मुलगी एका ठरावीक घरी राहत नाही, चार घरांत जेवते, चार घरांत झोपते.’

“म्हणजे हिला बघणारं कोणी नाही, असंच ना?”

त्यांनी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं.

मी मानववंशशास्त्रज्ञ. माणसं कशी जगतात, नाती कशी सांभाळतात, हे त्यांच्यात बसून बघायचं, एवढंच आमचं काम. राहते रोडपालीला. गेली तीन वर्षं गव्हाणच्या बाजूच्या एका गावात लहान मुलांच्या रोजच्या जगण्यावर संशोधन करतेय. नऊ वर्षांची तनू तिथलीच. नाव अर्थात बदललंय. आईवडील गेले तेव्हापासून ती आळीत वाढतेय: हिराआत्या, दोन काकी आणि शेजारची सखूआजी. चारही घरांत तिचा एकेक टूथब्रश आहे. जेवायचं कुठे, हे ती वासावरून ठरवते. मला विचाराल तर गावातलं सगळ्यात लाडावलेलं पोर.

मुलीला आईवडील नाहीत, असं शाळेने कळवलं आणि केस बाल कल्याण समितीकडे गेली. ज्या मुलांना आधार नाही त्यांनी कुठे राहायचं, ते ही समिती ठरवते. मला गाव माहीत, म्हणून त्यांनी माझ्याकडे माहिती मागितली. ते वाक्य मी कौतुकाने लिहिलं होतं हो! सेमिनारमध्ये वाचलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. फायलीत गेलं आणि तनूवर बालगृहात जायची वेळ आली. समितीला तरी काय बोलणार? नातेवाइकांच्या भरवशावर सोडलेल्या मुलांचे हाल त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत.

मी घाईघाईने सगळं समजावलं. ब्रशसुद्धा सांगितले. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ठीक आहे. पण फॉर्मवर पालक म्हणून एकच सही लागते. उद्या काही झालं तर मी फोन कोणाला करू?”

बाहेर बाकावर चौघी बसल्या होत्या, रिक्षा करून आलेल्या. हिराआत्याला आत बोलावलं. तिने पेन हातात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

“मी नाय करायची सई.”

तनू खुर्चीत बसून चपलेचा पट्टा ओढत होती. तिचा हात थांबला.

“का हो आत्या?” मी विचारलं.

“मी एकलीच कशी करू? या तिघी काय परक्या हायत? उद्या पोरगी यांच्याकडं जेवली तं काय पावनी म्हनून जेवायची?”

“मग तुमचं आपसात ठरेपर्यंत मुलगी बालगृहात राहील,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

तीन वर्षांत न सुचलेला प्रश्न मला त्या घाबरलेल्या क्षणी सुचला.

“तनू, शाळेतून यायला उशीर झाला तर कोण ओरडतं गं?”

“आत्या,” उत्तर तयारच होतं. “काकी जेवाय देतात. आजी कायच बोलत नाय. आत्या नाक्यावर येऊन उभी ऱ्हाते, आन् घरापर्यंत वरडते.”

“आणि ताप आला की?” हे अध्यक्षबाईंनीच विचारलं.

“तवा पन वरडते. आन् पाय चेपते.”

अध्यक्षबाई हसल्या. दाराला कान लावून उभी असलेली मोठी काकी सरळ आतच आली.

“हिरे, वरडायचा मान तुजा, तं सई पन तुजीच. आमी काय कुटं चाललो काय? कर गो!”

हिराआत्याचे डोळे भरून आले. पदराने पुसत तिने सही केली आणि लगेच दम भरला, “जेवाय मातुर चारी घरी जानार. लिवा त्यात.”

अध्यक्षबाईंनी खरंच लिहिलं. त्या क्षणी मला त्या बाई फार आवडल्या.

तनू आत्याकडे राहिली. दर महिन्याला समितीची कार्यकर्ती येऊन बघून जाईल, अशी अट होती. पहिल्याच भेटीला तिचा मला फोन.

“मॅडम, आत्याच्या घरी आलेय. मुलगी नाहीये.”

“बोंबलाचं कालवण कोणाकडे शिजतंय, ते बघा.”

थोड्या वेळाने परत फोन. “सापडली. धाकट्या काकीकडे. आता मलापण जेवायला बसवलंय.”

माझ्या प्रश्नावलीत ‘कुठे झोपतेस?’ हा प्रश्न पहिला असायचा. तो मी खाली ढकललाय. आता आधी विचारते, ‘उशीर झाला तर कोण ओरडतं?’ उत्तर पटकन आलं नाही, की पिवळा मार्कर मी स्वतःच उचलते.