साहेबांच्या नळाला करंट

“मेनला हात लावाल तर याद राखा! मुलीचा साखरपुडा आहे आज! पाहुणे मिसरोदला पोचलेत, भोपाळच्या वेशीवर!”

साहेबांचा आवाज असा, की कारखान्याच्या भोंग्याने लाजून राजीनामा द्यावा. तिकडे टाउनशिपबाहेर अवधपुरीत म्हणे कुणाच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती परत आलीच नाहीत. मी मात्र मेन स्विचच्या दांडीवर हात ठेवून उभा. साहेब म्हणजे आमच्या टाउनशिपच्या बिजली विभागाचे मुख्य, आणि मी त्यांच्याच हाताखालचा सुपरवायझर.

जुन्या क्वार्टरांची वायरिंग तपासायचं काम माझ्याकडे होतं. दोषांचे नंबर साहेबांनीच ठरवून दिलेले. तडकलेलं बटण, लोंबणारा होल्डर असलं काही असलं तर तीन नंबर, सवडीने बदला. वायरचं रबर पापडासारखं मोडत असेल तर दोन नंबर, महिन्याच्या आत बदला. आणि माणूस चिकटेल असं काही दिसलं की एक नंबर! जागच्या जागी मेन बंद, दुरुस्ती होईपर्यंत अंधार, मग घर कुणाचंही असो.

या कामात माझा हात धरणारा भोपाळात नव्हता. दिल्लीपर्यंत नसावा, पण तिकडे मी चौकशी केली नाही. मी जिना चढू लागलो की बायका बंदी असलेला कॉइलचा हीटर पलंगाखाली ढकलायच्या. गादीतून धूर निघाला की मी म्हणायचो, “वहिनी, पलंगाला ताप आलाय!”

त्या सकाळी साहेबांच्या बंगल्यावर मी खरं तर दिव्यांच्या माळा लावायला गेलो होतो. सवयीने स्वयंपाकघरातल्या नळाला टेस्टर टेकवला, तर तो लखकन पेटला. घरातल्या सगळ्या थ्री-पिनांची अर्थिंगची तार कुणीतरी नळाच्या पाइपला गुंडाळलेली. आमच्या टाउनशिपची ही जुनी खोड. अर्थिंगसाठी खड्डा कोण खणणार, नळ आहेच की! पण त्या पाइपचा जमिनीतला भाग मध्ये कधीतरी बदलून प्लास्टिकचा झालेला, आणि नव्या गीझरमधून करंट उतरत होता. जमिनीत जायला वाट नाही, म्हणून नळावरच ठाण मांडून बसला होता.

“दोन नंबर धरा,” साहेब आता खालच्या आवाजात म्हणाले. “गीझर काढा. बाकीचं उद्या.”

“साहेब, आज गीझर, घटकाभराने मिक्सर. नळ तोच! आणि त्या नळावर तुमच्या विहीणबाई हात धुणार.”

मी दांडी खाली ओढली. पंखे थांबले, श्रीखंडात फिरणारं यंत्र थांबलं, बाईसाहेबांचा श्वासही थांबला असावा.

मग मी जे काम केलं त्याला तोड नाही. लाइनमन बोलावले. साहेबांच्या लाडक्या गुलाबांच्या वाफ्यात असा खड्डा खणला, की आणखी हातभर गेलो असतो तर पलीकडे समुद्र लागला असता. पाइप उभा केला, कोळसा भरला, मिठाची अख्खी बरणी ओतली. नळावरची तार तोडून तिथे जोडली. गीझर उचलून व्हरांड्यात ठेवला. पाहुण्यांच्या गाड्या फाटकात शिरल्या आणि मी मेन चालू केलं. नळाला टेस्टर लावला. ठार मेलेला!

विहीणबाईंनी त्याच नळावर खळखळून हात धुतले. मी दाराआडून बघत होतो. छाती अशी फुगलेली, जणू मुलगी माझीच.

अंगठ्या घालून झाल्यावर साहेब बागेत आले. मी पुढे होऊन म्हणालो, “साहेब, अशी अर्थिंग आता अख्ख्या टाउनशिपमध्ये कुणाची नाही!”

साहेबांनी उपटलेल्या गुलाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“उद्या शेजारच्या बंगल्याचा नळ बघा,” ते म्हणाले.