फुटाला एक सूत

ओंडका बसला नाही.

आजोबांनी तो उचलला, खाचेवरून अंगठा फिरवला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा ठेवला. एक टोक खालच्या ओंडक्यावर अलगद बसले. दुसरे खाचेच्या काठावर चढून राहिले. माझा धाकटा भाऊ छोटू त्यावर चढून बसला, तरी ते हलेना.

"दाबू नकोस रे," आजोबा म्हणाले. "बसायचं असतं ते आपणहून बसतं."

पण ते आपणहून बसत नव्हते. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे बघत होतो. आजोबांनी केलेली वस्तू जागेवर बसत नाही, हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिले नव्हते. त्यांनी स्वतः तर नव्हतेच.

ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करण्यात त्यांचा जन्म गेला. पंपाचा एखादा लोखंडी भाग ओतायचा, तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा. तो वाळूत दाबून अलगद काढून घेतला की मागे पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. आजोबांचे लाकूड कधी कुणाच्या घरी गेले नाही. त्याचा ठसा तेवढा वाळूत उमटायचा, आणि वाळूही नंतर फोडून टाकायची. "अण्णांनी जन्मभर पोकळ्या केल्या," असे बाबा थट्टेने म्हणत, आणि आजोबा मान डोलावून म्हणत, "पण बरोब्बर मापाच्या."

कारखान्यात त्यांना 'सूतभर' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणाचेही काम पाहिले की आजोबा एक डोळा मिटून सांगायचे, "सूतभर जास्त आहे." ते स्वतःच्या लग्नाच्या फोटोलाही तसे म्हणाले होते. फोटो काढणाऱ्याची तिवई एका अंगाला झुकलेली दिसली, म्हणून नवरदेव उठून ती सारखी करायला गेले आणि फोटोत आजी एकटीच आली. आजी तो फोटो सगळ्यांना दाखवायची. "हे बघा माझं लग्न," म्हणायची.

आजी गेली आणि आजोबांचे बोलणे आटले. पण त्याआधीच घरात आणखी एक गोष्ट आटली होती, आणि तिला कारण झाला एक शब्द.

आजीच्या शेवटच्या आजारपणात आत्या इथे येऊन राहिली होती. एका दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. बाबा आत आले. तिचे सुजलेले डोळे पाहून तिने जरा पाठ टेकावी असे त्यांना वाटले असणार. ते म्हणाले, "राहू दे गं. तू काय, पाहुणी आहेस."

आत्याने हातातले पातेले तसेच खाली ठेवले, हात पुसले आणि ती बाहेर आली. त्या दिवसापासून ती खरोखरच पाहुणी झाली. येण्याआधी फोन करू लागली. दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पर्स ठेवून बसू लागली. ज्या घरात ती वाढली, तिथे ती विचारायची, "पाणी मिळेल का?" आणि बाबा तितक्याच अदबीने म्हणायचे, "मिळेल ना, का नाही मिळणार!" भांडण असते तर आईने मध्ये पडून मिटवले असते. या अदबीला हात कुठे घालायचा, तेच कुणाला कळेना.

मग एके दिवशी आजोबांनी लाकडाचे लांब वासे आणवले. हात लांब करून मिठीत घ्यावे एवढे ओंडके त्यांनी कापले, कडा गोल केल्या, दोन्ही टोकांना खाचा पाडल्या. एकावर एक आडवेउभे रचले की मुलांना आत बसता येईल एवढी झोपडी उभी राहणार होती. निम्म्या ओंडक्यांच्या टोकांना निळा रंग लावला, ते छोटूचे. निम्म्यांना तांबडा, ते आत्याच्या जुळ्या मुलींचे, तिच्या घरी राहायचे.

"सगळे एका घरी का नाही ठेवत?" आईने विचारले होते.

"एका घरच्यांचा नुसता ओटा होईल," आजोबा रंगाचा कुंचला पुसत म्हणाले. "झोपडी करायची तर दोघांनी यायला पाहिजे."

एवढे लांबलचक वाक्य ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. आई आत येऊन मला म्हणाली, "तुझ्या बाबांचं आणि आत्याचं सूत जुळवायला निघालेत, खाचा पाडून."

आणि आज आत्या आली होती, तिचे तांबडे ओंडके गाडीत घालून. मुलांनी रंगांचा विचार न करता हाताला येईल तो ओंडका रचायला घेतला होता, आणि दुसऱ्या थरातच घर अडले.

आजोबांनी एक निळा बाजूला केला, दुसरा घेतला. नाही. तांबड्यासमोर तांबडा मात्र सहज बसला. निळ्यासमोर निळाही बसला. मिसळले की अडत होते. आजोबांचा चेहरा वाळूसारखा कोरडा दिसायला लागला.

आत्या खुर्चीतून उठली. तिने एक निळा आणि एक तांबडा उचलून फरशीवर शेजारी शेजारी उभे केले. निळा वर निघाला. फार नाही, बोटाच्या नखाएवढा.

"हं," ती म्हणाली. "म्हणजे दादाच्या घरचे मोठे."

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिले.

"नाही, ठीक आहे. मुलाचा मुलगा तो. आम्ही काय, पाहुणे."

"अगं, वेडी का तू?" बाबांचा आवाज फाटला. "लाकडं आहेत ती!"

"लाकडंच म्हणतेय मी. लहान का असेनात, मिळाली हे काय कमी आहे?"

आजोबा तिच्याकडे पाहत राहिले. अंगावर भिंत यावी आणि हलायचे सुचू नये, तसे. मग ते खाली बसले, थेट फरशीवर. गुडघ्यांचा विचार न करता त्यांना असे बसताना मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा न्याहाळला.

"चुकला," ते म्हणाले. "संपलं. हात गेला माझा."

"अण्णा, असं काय म्हणता?" आई पुढे झाली.

"तुझी सासू असती तर विचारलं असतं, डोळे गेले का हात गेला ते."

आत्याचा चेहरा उतरला. आपण बोलून गेलो ते शब्द खोलीत अजून उभे आहेत, असे तिच्याकडे पाहून वाटत होते. तिने पर्स खुर्चीवर टाकली, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आजोबांची लोखंडी पट्टी काढली आणि गुडघे टेकले. आधी तांबडा मोजला. मग निळा. मग निळा पुन्हा.

"तीन सूत," ती म्हणाली. आणि थांबली.

"दुसरा दे रे," तिने छोटूला सांगितले. तोही तीन सूत जास्त. त्यापुढचाही तीनच. ती एकामागून एक मोजत सुटली. बाबा न सांगता ओंडके पुढे सरकवू लागले.

"अण्णा," आत्या हळूच म्हणाली, "हात गेला असता तर एखादा दोन सूत चुकला असता, एखादा चार. हे सगळे सारखेच चुकलेत. तीन फुटांना तीन सूत." तिने वर पाहिले. "फुटाला एक सूत, अण्णा."

आजोबांची मान झटक्यात वर झाली.

"निळे कुठे मापलेत तुम्ही?"

उत्तर आईने दिले. तांबडे आधी झाले, इथेच, मागच्या पडवीत. मग घरच्या करवतीची मोटर जळाली. म्हणून बाकीचे लाकूड घेऊन आजोबा त्यांच्या जुन्या कारखान्यात गेले होते. तिथला आताचा मुकादम त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "या मास्तर, टेबल तुमचंच आहे," असे म्हणून त्याने जागा करून दिली होती.

"आणि पट्टी?" आत्याने विचारले.

आजोबांनी डोळे मिटले. हात पुढे करून हवेतच टेबलाचा खण ओढला, आत बोटे घातली आणि पट्टी बाहेर काढली. रिकामी मूठ पाहून ते जागच्या जागी थिजले.

लोखंड थंड होताना आकसते. म्हणून साचा मूळ मापापेक्षा जरासा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करणार? त्यासाठी कारखान्यात एक वेगळी पट्टी असते. तिच्यावर आकडे नेहमीचेच, पण तिचा फूटच एक सुताने मोठा. दिसायला ती घरच्या पट्टीसारखीच. ती खणात राहते, आणि आजोबांनी ती जन्मात कधी घरी आणली नव्हती.

"हातानं घेतली," ते म्हणाले. "मी नाही घेतली. हातानं घेतली."

आत्या हसली की रडली, ते मला सांगता येणार नाही. "मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही दाराला उभं करून माझी उंची मोजायचात, आठवतं? घरी मोजली की मी मोठी, कारखान्यात लहान. मी रडले होते."

"तू म्हणालीस, मला इथं मुद्दाम बुटकी करतात," बाबा मध्येच म्हणाले. "आणि रस्ताभर माझ्याशी बोलली नाहीस. माझा काय संबंध होता?"

"तू हसला होतास."

"बुटकी होतीसच."

आईने माझ्याकडे पाहिले. कितीतरी दिवसांत या दोघांना अदब सोडून बोलताना आम्ही ऐकले नव्हते.

पण आजोबांच्या चेहऱ्यावरचे सावट हलले नव्हते. "खाच मागे घेता येत नाही," ते ओंडक्यांकडे पाहत म्हणाले. "कापलं ते कापलं. आता दोन घरांचे दोन ओटे."

"थांबा," बाबा म्हणाले. ते पालथे पडून खालचा थर पाहत होते. "समोरासमोरच्या भिंती एकसारख्या असल्या की झालं ना? मागचीपुढची सगळी निळी घेतली तर..."

"आणि बाजूच्या दोन्ही तांबड्या," आत्या म्हणाली. "मग जरा लांबट होईल एवढंच. चौकोनी कुणाला हवीय? पकड ते टोक."

"तू पकड. मी उचलतो."

"उचलतोयस कसला, कंबर धरेल. पकड म्हणतेय ना!"

त्यांनी रचलेले सगळे मोडले आणि पहिल्यापासून मांडायला घेतले. समोर निळा, मागे निळा. त्यांच्यावर आडवा तांबडा. आत्या एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला. दोघांनी हात सोडले.

ओंडका बसला. खट असा छोटासा आवाज झाला. आम्ही सगळे दचकलो. आजोबा सर्वांत जास्त दचकले.

पुढचाही बसला. मग त्याच्यावरचा. भिंती छोटूच्या छातीला लागल्या तेव्हा जुळ्या वरून पाय टाकून आत उतरल्या आणि छोटूला आत घ्यायचे की नाही यावर त्यांचे भांडण जुंपले. आजोबांनी फरशीवर बसूनच पुढे सरकत एका कोपऱ्यावर तळवा ठेवला. निळ्यावर तांबडा, तांबड्यावर निळा. ते अंगठ्याने एकेक खाच चाचपत राहिले. डोळे विस्फारलेलेच होते.

"सूतभरही फट नाही," ते कुणाला तरी सांगत होते. आम्हाला नाही.

आत्या उठली. केसांतला भुसा झटकत तिने इकडेतिकडे पाहिले. खुर्चीकडे गेली नाही. सरळ आत गेली. फडताळाची दारे उघडल्याचे आणि आपटल्याचे आवाज आले, आणि मग स्वयंपाकघरातून तिचा चढलेला आवाज.

"दादा! अरे, ग्लास कुठे कोंबलेत तुम्ही?"

बाबा जागेवरच उभे राहिले. दोन्ही हातांना भुसा, तोंड उघडे. मग ते तसेच आत धावले.