कुठून आणि कुठे

नेलिदा अर्रुआ आमच्या मत्स्यबीज केंद्रात प्रोग्रॅम लिहायची. केंद्र पॅराग्वेतल्या एन्कार्नासिओनच्या बाहेर, पाराना नदीकाठी. कोणत्या तळ्यातलं पाणी कोणत्या तळ्यात सोडायचं, हे पंपांना तिचाच प्रोग्रॅम सांगायचा. बाई कमी बोलणारी, पण तेरेरेचा, म्हणजे गार पाल्याच्या चहाचा, पेला सगळ्यांत फिरवताना कुणी रेंगाळलं की तिचा पारा चढायचा.

तिच्या फंक्शनची, म्हणजे पंपांना द्यायच्या हुकमाची, ओळ असायची पाणीवळव(२, ५). आकडे तळ्यांचे: पहिला कुठून, दुसरा कुठे. तिला ते पाठ होतं, म्हणून कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ती बहिणीकडे गेलेली असताना तिच्या हाताखालच्या विल्फ्रिदोने एक नवी ओळ टाकली. त्याची समजूत, आधी कुठे, मग कुठून. कंप्युटरने निमूट ऐकलं.

ती परतली त्याच दुपारी तळी सांभाळणाऱ्या रामोनाचा फोन आला. "अगं, पिल्लांचं तळं आटतंय! पाणी सगळं मोठ्या तळ्यात चाललंय!"

नेलिदाने पंप थांबवला, आकडे उलटे करून पुन्हा सुरू केला आणि उन्हात धावत सुटली. आम्ही मागोमाग. काठचा चिखल उघडा पडला होता, पाकू माशांची पिल्लं मधल्या डबक्यात एकमेकांवर उसळत होती. नळाला जाळी होती म्हणून वाहून गेली नव्हती, एवढंच.

पाणी हळूहळू चढलं. पिल्लं पांगली. रामोनाने जाळं फिरवून पाहिलं, मेलेली अगदी मोजकीच. नेलिदा तशीच चिखलात बसली.

"माझं चुकलं," विल्फ्रिदो म्हणाला.

"तुला नुसते आकडे दिले मी. कोणता कशाचा, ते तू ओळखणार कसं?"

आत परतताच तिने फंक्शन बदललं. आता पाणीवळव(कुठून: ५, कुठे: २) असं लिहिल्याशिवाय ते हलेना.

"एवढं टाइप करायचं? बोटं झिजतील, बाई!" विल्फ्रिदो म्हणाला.

"झिजू देत. पिल्लं तरी कोरडी पडणार नाहीत."

जुन्या साऱ्या ओळी आता अडल्या. प्रत्येकीला नावं देता देता नेलिदा एकदम थबकली. येत्या रविवारी पहिल्यांदाच चालणार असलेली एक ओळ उलटी होती. मोठ्या तळ्यातलं पाणी पिल्लांच्या तळ्यात यायचं, तर ते तळंच रिकामं झालं असतं.

"ही कुणाची?" विल्फ्रिदोने विचारलं.

"माझी," ती म्हणाली आणि इतकी मोकळी हसली, की आम्हालाही हसू आवरेना.