गाडी चालू असताना गॅस बंद

कुठल्याही ऑफिसात किस्से दोन जागी साचतात: चहाच्या मशीनपाशी आणि वॉर्निंग लेटरच्या फाइलमध्ये. चहापाशी ते दर आठवड्याला बदलतात, फाइलमधले मात्र राहतात. आम्ही शारजाच्या यार्डातून मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या, भाड्याने देतो. तिथली ती फाइल माझ्या टेबलावर असते, कारण लेटरं मीच टाइप करते. तेव्हा माझे किस्से जरा कडू लागले तर चालवून घ्या.

सगळे एकाच फ्रिजचे आहेत. मोटरहोमचा फ्रिज यार्डात विजेवर चालतो आणि कॅम्पवर गॅसवर. गॅसवर म्हणजे मागच्या जाळीआड खरोखरची ज्योत जळते. म्हणून आमच्या फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलंय: गाडी चालू असताना गॅस बंद. रात्रभर विजेवर गार केलेला फ्रिज, दार उघडलं नाही तर, चार-पाच तास आरामात गार राहतो.

हे गिऱ्हाइकाला समजावणं आणि गाडी पोचवणं हे अंतोनभाऊंचं काम. वसईचे अंतोन लोपीस, वय चोपन्न, यार्डात सोळा वर्षं. त्यांची मुलगी इथेच दहावीला, मार्चमध्ये बोर्ड. तिचा व्हिसा बापाच्या नोकरीवर, आणि आमच्याकडे एका सीझनमध्ये तीन वॉर्निंग म्हणजे नोकरी खलास. "एवढा मार्च निघाला पाहिजे, मॅडम," असं ते नोव्हेंबरपासून म्हणत होते.

*

पुण्याकडचं एक कुटुंब रास अल खैमाला निघालं. अंतोनभाऊंनी अर्धा तास समजावलं. साहेब मोबाइलमध्ये बघत "हो, हो" म्हणाले आणि न वाचता सही केली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पनीर आंबलं, फ्रिज भंगार आहे, दोन तास तर शारजाच्या ट्रॅफिकमध्येच गेले वगैरे वगैरे. मी फोन स्पीकरवर टाकला. अंतोनभाऊंनी शांतपणे विचारलं, "सर, वाटेत फ्रिज किती वेळा उघडला?"

"मी काय मोजत बसलो होतो?"

मागून पोराचा आवाज आला, "नाइन्टीन टाइम्स, डॅड."

*

दुसरे एक गृहस्थ, आमचे नेहमीचे. यार्डातून निघतानाच फ्रिज गॅसवर टाकून मोकळे झाले. पहिल्याच पेट्रोल पंपावर शिरले आणि शेजारच्या गाडीतला माणूस फोनवर बोलतोय म्हणून त्याच्यावर डाफरले. पंपावर ठिणगी किती धोक्याची असते यावर त्याला चांगलं लेक्चर दिलं.

अंतोनभाऊ दुसऱ्या गाडीत डिझेल भरत होते. ते धावत आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या फ्रिजमागे ज्योत पेटलीय."

गृहस्थ हसले. "हबीबी, फ्रिज आहे तो. थंड असतो."

अंतोनभाऊंनी त्यांना विचारलंसुद्धा नाही, स्वतःच जाऊन गॅस बंद केला. रात्री गृहस्थांनी तक्रार लिहिली: स्टाफ आगाऊ आहे. तिचं वॉर्निंगमध्ये रूपांतर झालं नाही, ही देवाची कृपा.

*

आता आमचे मॅनेजर, साठेसर. डोंबिवलीचे, गोड बोलणारे. नियम लेखी द्यायचे आणि नियमाच्या उलट जे हवं ते व्हॉइस नोटमध्ये सांगायचे.

डिसेंबरात रास अल खैमाच्या एका कंपनीची पिकनिक होती. गाडी आदल्या गिऱ्हाइकाकडून सकाळीच परत आलेली. फ्रिजला वीज जेमतेम तासभर मिळाली. अंतोनभाऊंनी नियमाप्रमाणे गॅस बंद ठेवून गाडी पोचवली. फ्रिज कोमट निघाला आणि कंपनीच्या साहेबांनी सरळ हेड ऑफिसला फोन केला.

पहिलं वॉर्निंग लेटर. विषय: फ्रिज गार नसणे.

*

जानेवारीत तीच कंपनी आणि पुन्हा तीच घाई. सकाळी डिलिव्हरीच्या ग्रुपवर साठेसरांची व्हॉइस नोट आली: "अंतोन, फ्रिज गार पाहिजे म्हणजे पाहिजे. वाटेत गॅस लाव, पंप आला की बंद कर. मॅनेज कर ना यार." मी चहा पिता पिता ती ऐकली. दहा मिनिटांनी ती ग्रुपवरून गायब झाली.

अंतोनभाऊंनी मॅनेज केलं. कॅम्पच्या गेटवर सेफ्टीचा माणूस उभा होता. इंजिन चालू, मागे ज्योत चालू. त्याने फोटोच काढला.

दुसरं लेटर. विषय: गाडी चालू असताना गॅस चालू ठेवणे.

हेड ऑफिसचे साहेब चौकशीला आले. अंतोनभाऊ म्हणाले की मला सांगितलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "असं काही लेखी आहे का?"

"नाही," मी म्हणाले. लेखी नव्हतंच. साठेसर खिडकीबाहेर बघत होते. अंतोनभाऊ म्हणाले, "मॅडम बरोबर बोलतात. लेखी नाही."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गप्प बसलीस ते बरं केलंस. आपलाही व्हिसा आहे." ते ऐकून मला स्वतःची जास्तच लाज वाटली.

*

फेब्रुवारीत साठेसरांच्या लेकीचा बारावा वाढदिवस आला. अल ऐनला जायचं ठरलं, स्टाफ बुकिंगवर, अंतोनभाऊ ड्रायव्हर. गाडी त्याच सकाळी परत आलेली. पेपर घेऊन मी यार्डात उभी होते. सहा मुलं मागे बसली, आईस्क्रीमचा केक फ्रिजमध्ये गेला.

"सर, दोन तास थांबू," अंतोनभाऊ म्हणाले. "फ्रिज गार झालेला नाही, केक टिकणार नाही."

"उशीर होतोय. यल्ला, चला लवकर."

"मग गॅस?"

साठेसर खाली उतरले. स्वतःच्या हाताने सिलिंडर बंद केला, कप्प्याला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. "वेडा आहेस का? मुलं आत बसलीत. केक गेला खड्ड्यात."

केक खरंच गेला. परत आल्यावर गाडीतल्या टॅबलेटवर फीडबॅकचा फॉर्म येतो, तो लेकीने भरला. इंग्रजीत, अगदी खरा: फ्रिज वॉर्म, केक मेल्टेड, एक स्टार. तो फॉर्म थेट हेड ऑफिसला जातो.

सोमवारी साठेसर माझ्या टेबलापाशी आले. "तिसरं लेटर टाइप कर. सिस्टीमनेच उचललंय, मी काय करणार?"

या वेळी मी बोलले. "सर, गॅस तुम्हीच बंद केला होता."

"नियमच आहे तो," ते म्हणाले.

अंतोनभाऊंनी लेटर दोनदा वाचलं आणि सही केली. मुलीच्या परीक्षेला सतरा दिवस होते. मग मी क्लिअरन्सचा फॉर्म काढला. युनिफॉर्म जमा. फोन जमा. गॅसच्या कप्प्याची चावी?

"ती सरांच्या खिशात राहिली, मॅडम," अंतोनभाऊ म्हणाले.

मी आत जाऊन सरांना विचारलं. त्यांनी वर न बघता खिसा चाचपला.

"माझ्याकडे नाहीये. त्याने हरवली असं लिही."

मी लिहिलं.